पंचेचाळिशीच्या आत

रुएल मागबानुआला शिव्या चालायच्या, कौतुक चालायचं नाही. कुणी "वा, झकास काम केलंस" म्हटलं की हा बाबा अंग चोरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "चांबा लांग." म्हणजे नशिबानं जमलं हो, माझं काय त्यात. साखर कारखान्यात यानं पंधरा वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, उसानं भरलेले बंद ट्रक भर रस्त्यात चालू करून दिले, आणि ते सगळं म्हणे नशिबानंच. पण दोष त्याचा एकट्याचा नाही. नेग्रोस बेटावरच्या त्याच्या गावात चोराला एकवेळ माफी होती, 'हांबोग'ला नव्हती. हांबोग म्हणजे आपलाच ढोल आपण बडवणारा. आईनं लहानपणापासून बजावलेलं, की बढाई मारली की दारात आलेलं नशीब मागच्या दारानं निघून जातं. तेव्हा हा जन्मभर तोंडाला कुलूप घालून बसला होता.

आता असा माणूस परक्या देशात कायमचं राहायची परवानगी मागायला निघाला, तर काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. ती परवानगी मिळतेच मुळी 'मला हे काम येतं' असं छातीठोकपणे सांगितल्यावर.

वारंबी हे गव्हाच्या टापूतलं गाव. एक पब, एक बेकरी, एक शाळा, धान्याची कोठारं, आणि रस्ता जिथे संपतो तिथे प्रॉसरचं वर्कशॉप. डग प्रॉसरनं रुएलला पाच वर्षांपूर्वी तिकडून बोलावून घेतला, कारण शंभर किलोमीटरच्या आत हार्वेस्टर दुरुस्त करणारा दुसरा मिस्त्री उरला नव्हता. रुएलला येऊन वर्ष होतंय तोच डग हार्ट अटॅकनं गेला. मागे उरली त्याची बायको ग्वेन. मूलबाळ नाही, साठी उलटलेली, आयुष्य शाळेच्या कँटीनमध्ये सँडविचं लावण्यात गेलेलं. पान्याला तिनं कधी हात लावला नव्हता. सगळं गाव म्हणालं, बाई आता कुलूप घालणार. बाईंनी कुलूप घातलं नाही. डगच्या खुर्चीत बसून त्या फोन घ्यायला लागल्या, शेतकऱ्यांना दमात घ्यायला लागल्या, आणि रुएलच्या व्हिसाचे कागद आले की चष्मा लावून सह्या करायला लागल्या. त्या सह्यांवरच पुढे रुएलची बायको मरिफे आणि दोघी मुली, क्लारिस आणि माईमाई, इकडे आल्या. मरिफे वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लागली आणि मुली शाळेत.

"मॅम ग्वेन," रुएल हाक मारायचा.

"मॅम म्हणू नकोस. मी काय राणी आहे?"

"नाही, मॅम."

हे रोज एकदा व्हायचं. त्याशिवाय वर्कशॉप उघडल्यासारखं दोघांनाही वाटत नसावं.

तर घोडं कुठे अडलं होतं ते ऐका. कायमच्या परवानगीला दोन गोष्टी लागत होत्या. एक, मालकाची शिफारस. ती ग्वेनबाईंनी केव्हाच भरून ठेवली होती. दुसरी, या माणसाला हे काम स्वतंत्रपणे येतं असा परीक्षकांच्या कार्यालयाचा दाखला. त्यासाठी साखर कारखान्याचे जुने कागद हवे होते, आणि कारखाना बंद पडून त्याचे साहेब चार बेटांवर पांगलेले. त्यांना हुडकण्यात दीड वर्ष गेलं. आणि या सगळ्याच्या डोक्यावर वयाची अट बसलेली: पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज पोचला पाहिजे. रुएलचा वाढदिवस एकोणीस नोव्हेंबर. त्या तारखेनंतर तेच हात, तेच डोकं, तीच शिफारस, पण दार बंद. मग आहे तो व्हिसा संपला की चौघांनी सामान बांधायचं. क्लारिसला नर्स व्हायचं होतं, तिची अकरावी चालू होती. माईमाईला तर नेग्रोस आठवतही नव्हतं; ती झोपेत बडबडायची तीसुद्धा इथल्या पोरींसारखी.

सप्टेंबरमध्ये मुलाखतीची तारीख मिळाली. मुलाखत कॉम्प्युटरवर, वर्कशॉपच्या ऑफिसातच. पडद्यावर एक चष्मेवाला तरुण साहेब उगवला.

"मी बाहेर जाऊ का?" ग्वेनबाईंनी विचारलं.

"नाही नाही मॅम, बसा," रुएल म्हणाला. मालकिणीला तिच्याच ऑफिसातून उठवायचं? आईला कळलं असतं तर तिनं उलथण्यानं हाणला असता.

ग्वेनबाई कोपऱ्यात चहा घेऊन बसल्या, आणि तिथेच सगळं बिनसलं.

"गेल्या सुगीत एका हार्वेस्टरचं इंजिन तासातासानं बंद पडायचं, असं तुम्ही लिहिलंय," साहेब म्हणाला. "बिघाड शोधला कुणी?"

खरी हकीकत अशी, की तीन शहाण्यांनी डिझेलचा पंप बदलायला सांगितला होता. रुएल मात्र त्या यंत्राबरोबर दुपारभर उन्हात फिरला. ते बंद पडलं त्याच क्षणी त्यानं टाकीचं झाकण उघडलं. सूं करून हवा आत गेली आणि इंजिन पुन्हा लागलं. झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असतं ते भुशानं बुजलं होतं. टाचणीचं काम. पण ती टाचणी कुठे घालायची ते टापूत एकालाच कळलं होतं.

"शेतकऱ्यानंच शोधला, सर," रुएल म्हणाला. "यंत्र त्यांचं, त्यांना जास्त माहीत. मी नुसतं झाकण उघडलं. नशीब."

"बरं. आणि गिअरबॉक्स पूर्ण उघडून बांधलात. ते कसं करायचं हे कुणी ठरवलं?"

रुएलनं कोपऱ्याकडे पाहिलं. "मॅम ग्वेननी सांगितलं, सर."

कोपऱ्यात चहाचा ठसका लागला.

"म्हणजे तुम्ही मिसेस प्रॉसर यांच्या देखरेखीखाली काम करता?"

रुएलनं भुवया उचलल्या. त्याच्या गावात भुवया उचलल्या की झालं 'हो', तोंड कशाला झिजवायचं. साहेबाला वाटलं, हा अजून काही बोलेल. तो थांबला. रुएलला वाटलं, साहेबाला नीट दिसलं नसेल. त्यानं पुन्हा भुवया उचलल्या, या वेळी जरा जास्त. साहेबानं मान हलवून काहीतरी लिहून घेतलं.

मुलाखत संपल्यावर रुएल खुशीत होता. "साहेब चांगला होता, मॅम. अजिबात रागावला नाही."

ग्वेनबाई ठसक्यानं सांडलेला चहा पुसत होत्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. ग्वेनबाईंनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग रुएलला यंत्राखालून बाहेर बोलावलं.

"ऐक. 'अर्जदार हा मिसेस प्रॉसर यांच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली मदतनीस म्हणून काम करतो. स्वतंत्र कौशल्य सिद्ध होत नाही.' रुएल, या कागदानुसार हार्वेस्टरची तज्ज्ञ मी आहे."

रुएलनं हात पुसायला घेतलेलं फडकं तसंच हातात राहिलं.

"मला," ग्वेनबाई म्हणाल्या, "माझ्या स्वतःच्या गाडीत पाणी कुठे घालतात ते कळत नाही. मागच्या वर्षी मी ते तेलात घातलं."

"हो मॅम. मी साफ केलं ना सगळं. दोन दिवस लागले."

"मग हे वाक्य त्या दिवशी का नाही फुटलं तोंडातून?"

रुएलनं फडकं घडी करून खिशात घातलं. "तुम्ही समोर बसला होता, मॅम. तुमच्यासमोर तुमच्याच वर्कशॉपमध्ये मी कसं सांगू, की सगळं मी करतो म्हणून?"

"अरे, पण सगळं तूच करतोस."

 खरं बोलणं आणि बढाई मारणं यांच्यामध्ये कुठेतरी कुंपण असतं, हे रुएलला कुणी दाखवलंच नव्हतं.

घरी मरिफेनं पत्र वाचलं आणि भात तसाच गॅसवर ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. एरवी ती त्याला 'पांगा' म्हणते, लाडानं. त्या दिवशीही पांगाच म्हणाली, पण लाड कुठे दिसला नाही.

"पांगा, तुझ्या सभ्यपणाचं तिकीट काढून आपण चौघांनी विमानात बसायचं का? तिकडे गेल्यावर पोरींना काय सांगणार आहेस? बाबा फार नम्र होता, म्हणून परत आलो?"

 क्लारिस तिच्या खोलीतून ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती, हे रुएलला भिंतीतून कळलं. त्या मुलीनं वहीच्या कोपऱ्यात नर्सिंग कॉलेजचं नाव लिहून ठेवलं होतं. ते त्यानं पाहिलं होतं. 

एक वाट उरली होती. निकालावर फेरविचार मागता येत होता. नवे पुरावे द्यायचे आणि दुसऱ्या परीक्षकासमोर पुन्हा बसायचं. ग्वेनबाईंनी पदर खोचला म्हणायचा, फक्त त्यांना पदर नव्हता. "मी प्रत्येक शेतकऱ्याकडून पत्र आणते. तुला बोलता येत नसेल तर ते बोलतील."

हे त्या म्हणाल्या खऱ्या, पण आपल्या गावाला त्या विसरल्या. वारंबीचा शेतकरी म्हणजे पाऊस चांगला झाला तरी "ओलं आहे" एवढंच म्हणणारी जात. आठवड्याभरात अकरा पत्रं आली. एकात लिहिलं होतं, 'ठीक आहे.' एकात, 'तक्रार नाही.' एकानं तर नुसती सही करून पाठवली. कॉलिन स्ट्रॅकन हा डगचा लंगोटीयार, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या पत्रात दोन शब्द होते: 'वाईट नाही.'

ग्वेनबाई गाडी काढून थेट त्याच्या शेतावर गेल्या. रुएल शेजारी बसलेला, मान खाली.

"हे काय लिहिलंस, कॉलिन?"

"का? 'वाईट नाही' म्हटलंय की."

"माणसाचं घरदार यावर अवलंबून आहे."

"माझ्या लग्नात भाषण करायला लावलं तेव्हा बायकोबद्दल मी एवढंही बोललो नव्हतो," कॉलिन मनापासून म्हणाला. "विचार तिला."

परतताना ग्वेनबाई स्टिअरिंगवर बोटं आपटत होत्या. "एक गाव स्वतःचं कौतुक करू शकत नाही, दुसरं गाव दुसऱ्याचं करू शकत नाही. आणि कपाळ फुटतंय माझं."

रुएलला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

मग सुगी लागली. ऑक्टोबर संपता संपता ऊन असं पेटलं की गव्हाला हात लावला तर चटका बसावा. सुगीत मिस्त्रीला स्वतःचं दुःख करायला वेळ नसतो. रुएल पहाटे निघायचा आणि या शेतातून त्या शेतात पळायचा. फेरविचाराची मुलाखत सहा नोव्हेंबरला ठरली होती. ती त्याच्या छातीवर धोंड्यासारखी बसलेली, पण पाने हातात असले की तेवढा वेळ ती कमी जड व्हायची.

एका दुपारी कॉलिनच्या शेतात दुसरंच काही काम करून तो निघाला होता. तेवढ्यात कॉलिनचा हार्वेस्टर बाजूनं गेला. आवाजात काहीतरी किरकिर होती. दुसऱ्या कुणाला ऐकूही आली नसती. रुएलनं हात दाखवून यंत्र थांबवलं. केबिनमध्ये कॉलिनची सून जेस होती. त्यानं बाजूचं झाकण काढून बेअरिंगजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. खाली भुसा साचलेला, वाळून कडकडीत झालेला.

कॉलिन धापा टाकत आला. "काय झालं?"

"बेअरिंग चाललंय, सर. थांबवायला लागेल."

"उद्या वादळ सांगितलंय. शेवटचे चाळीस एकर राहिलेत. ग्रीस मार, दोन तास चालव, मग बघू."

"नाही, सर."

"काय?"

पाच वर्षांत रुएलनं कॉलिनला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. रुएलनंही ते पहिल्यांदाच ऐकलं, स्वतःच्या तोंडून.  पण तो केबिनमध्ये चढला, जेसला उतरायला सांगितलं, चावी काढली आणि खिशात घातली. कॉलिननं मग ज्या शिव्या दिल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. वारंबीत त्या अजून निघतात, कुणाचं तरी डोकं फिरलं की. रुएल "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत आपल्या गाडीत बसला आणि चावी घेऊन गावात निघून गेला. नवं बेअरिंग घेऊन तो दोन तासांनी परत आला.

कॉलिन तिथेच उभा होता, तोंड लाल. रुएलनं जुनं बेअरिंग उघडलं. ते निघालं नाही, त्याच्या हातात सांडलं. गोळ्या निळ्या पडल्या होत्या. खालचा भुसा एका जागी काळा झाला होता. आग लागली नव्हती एवढंच; लागायची राहिली होती. अशी आग लागली की वाळल्या गव्हात माणसाला पायऱ्या उतरायलाही वेळ मिळत नाही.

कॉलिननं त्या काळ्या भुशाकडे पाहिलं, मग जेसकडे पाहिलं. जेस झाडाखाली बाटलीतून पाणी पीत होती. तो यंत्राच्या पायरीवर बसला आणि त्यानं टोपी काढली.

रुएलनं त्या दिवशी नुसतं बेअरिंग नाही बसवलं. पट्ट्याची पुली दोन सुतांनी तिरकी होती, म्हणून बेअरिंग पुन्हा पुन्हा जात होतं. तीही सरळ केली. चाळीस एकर वादळाआधी निघाले.

दुसऱ्या दिवशी कॉलिननं वर्कशॉपमध्ये येऊन एक पाकीट ग्वेनबाईंच्या टेबलावर टाकलं आणि निघून गेला. आत दीड पान होतं. कॉलिननं जन्मात इतकं लिहिलं नसेल. 'त्यानं माझी चावी नेली. मी त्याला जे बोललो ते लिहीत नाही. त्यानं चावी दिली नाही. माझी सून जिवंत आहे. त्याच्या जागी मी असतो तर मालकाला घाबरलो असतो.' असं बरंच काही. ग्वेनबाईंनी ते वाचून चष्मा पुसला, आणि मग पुन्हा पुसला.

सहा नोव्हेंबरला त्यांनी ऑफिसात कॉम्प्युटर लावून दिला आणि पर्स उचलली.

"कुठे चाललात, मॅम?"

"बेकरीत. आणि बेकरीच्या मागच्या बाजूला बसणार आहे. तू काय बोलतोस ते मला ऐकू येणार नाही, दिसणार नाही, आणि मी कधी विचारणारही नाही. आज माझी लाज काढ खुशाल."

पडद्यावर या वेळी पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. नखांच्या कडा काळ्या होत्या, त्यावरून रुएलनं ओळखलं, यानं ग्रीस खाल्लेलं आहे. तरी सुरुवात व्हायची तीच झाली. "आम्ही सगळे मिळून," रुएल म्हणाला. "शेतकऱ्यांची मदत असते, सर," रुएल म्हणाला. दहा मिनिटं त्यानं स्वतःला सोडून वारंबीतल्या प्रत्येकाचे आभार मानले. बेकरीवालीचेसुद्धा, दुपारी जेवण ठेवते म्हणून.

गृहस्थांनी कॉलिनचं पत्र उचललं. "हे चावीचं काय आहे?"

रुएलचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, सर. मोठ्या माणसाची वस्तू अशी न विचारता न्यायला नको होती."

"मलाही तेच वाटतं," गृहस्थ म्हणाले. "सुगीचे दिवस, वादळ येतंय. ग्रीस मारून दोन तास चालवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी असतो तर चालवलं असतं."

रुएलनं मान वर केली.

"नाही, सर."

"नाही?"

"ग्रीस कशाला लागणार, सर? आतली कडीच तुटली होती. तुम्ही ग्रीस मारलं असतं तर ते गरम होऊन भुशावर टपकलं असतं, म्हणजे आगीत तेल. किरकिर सुरू झाली की वीस मिनिटं असतात, दोन तास नाही. आणि नुसतं बेअरिंग बदलूनही चालत नाही, सर, पुली तिरकी असली तर पंधरा दिवसांत दुसरं जातं. आधी सूत धरून पुली बघायची, मग शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. मी कारखान्यात असताना एकानं असंच ग्रीस मारून चालवलं होतं. त्याचा हात गेला. हात, सर." त्याचा आवाज चढला होता, त्याला ठाऊक नव्हतं. खुर्ची सोडून तो उभा राहिला होता, तेही ठाऊक नव्हतं. टेबलावरचं पंच मशीन त्यानं पुली केलं होतं आणि पट्टीचा शाफ्ट केला होता. पंधरा-वीस मिनिटं तो त्या माणसाला बेअरिंग शिकवत होता.

"मग यंत्र बंद ठेवायचं हे ठरवलं कुणी? मिसेस प्रॉसरनी?"

"मॅम ग्वेनना बेअरिंग म्हणजे काय तेही माहीत नाही," रुएल म्हणाला. "मी ठरवलं. आणि उद्या तसं झालं तर परत चावी काढीन. कुणाचंही यंत्र असो. तुमचं असलं तरी."

मग त्यानं तोंडावर हात ठेवला. संपलं, त्याला वाटलं. हांबोग तर झालोच, वर साहेबाला धमकी दिली.

गृहस्थ बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "बसा, मिस्टर मागबानुआ. त्या तिरक्या पुलीबद्दल मला अजून विचारायचंय."

दाखला सोळा नोव्हेंबरला आला. सतरा तारखेला संध्याकाळी ऑफिसात क्लारिसनं अर्ज भरला. ग्वेनबाई मागे उभ्या राहून एकेक अक्षर तपासत होत्या, आणि मरिफे माळ घेऊन ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होती. रुएल बाहेर गाड्यांच्या मध्ये येरझारा घालत होता. "गेला," क्लारिस म्हणाली. दोन दिवस राखून अर्ज पोचला. पंचेचाळिसावा वाढदिवस त्यांनी केकशिवायच साजरा केला. केक आणायचं कुणाला सुचलंच नाही.

पुढे नऊ महिने नुसती वाट बघणं. त्याचं काय सांगणार. माणसं दिवस ढकलतात तसे ढकलले.

ऑगस्टमध्ये, पेरणीयंत्राखाली पाठीवर पडलेला असताना, रुएलच्या खिशात फोन वाजला. क्लारिस रडत होती, त्यामुळे त्याला आधी वाटलं कुणीतरी गेलं. मग शब्द कानात शिरले. चौघांनाही. कायमचं. तो यंत्राखालून निघाला नाही, तिथेच पडून राहिला, डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत जाईपर्यंत. देवाचे आभार मानले, आईचे मानले, कॉलिनचे मानले, त्या पिकल्या केसांच्या गृहस्थाचे मानले. इतकं सुख एका माणसाच्या वाट्याला येतं, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. तिकडे मरिफेनं बातमी ऐकून वृद्धाश्रमात सगळ्या म्हाताऱ्यांना दुप्पट पुडिंग वाढलं.

रविवारी घराच्या मागे जेवण ठेवलं. अर्ध्या पिंपात कोळसे पेटवून रुएल इनासाल, म्हणजे त्यांच्याकडची मसाला लावलेली कोंबडी, भाजत होता. लिंबू आणि लसणाचा वास दोन गल्ल्यांपर्यंत गेला होता. ग्वेनबाई स्वतः केलेला केक घेऊन आल्या. कॉलिनही आला. तो पिंपाजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वाईट नाही, वास." मग जरा वेळानं म्हणाला, "बाईनं ते गिऱ्हाईक हाकललं ते बरंच झालं म्हणायचं."

"कोणतं गिऱ्हाईक?"

"तुला सांगितलं नाही? मार्चमध्ये शहरातली मोठी कंपनी आली होती वर्कशॉप घ्यायला. रोख. पण ते म्हणाले, तुझ्या व्हिसाची भानगड आम्ही गळ्यात घेणार नाही. बाई म्हणाली, मग दार तिकडे आहे."

रुएलनं चिमटा खाली ठेवला. मार्चमध्ये ग्वेनबाई कंबरदुखीनं काठी घेऊन ऑफिसात येत होत्या. विकलं असतं तर त्या बहिणीच्या गावी समुद्राकाठी आरामात राहिल्या असत्या. तो त्यांच्या खुर्चीपाशी गेला.

"मॅम, तुम्ही माझ्यासाठी वर्कशॉप विकलं नाही."

ग्वेनबाईंनी कॉलिनकडे असं पाहिलं की त्यानं ताटाकडे नजर वळवली. "कॉलिनला दीड पान लिहायला शिकवलं तीच चूक झाली."

"मॅम, मी हे कसं..."

"ऐक, एकदाच सांगते." त्या खुर्चीतून उठल्या. "डग गेल्यावर मी रोज सकाळी अंथरुणात पडून राहायचे. उठून करायचं काय? आणि साडेसहाला तू शटर उघडायचास. घरापर्यंत आवाज यायचा. मी म्हणायचे, त्या माणसाला चावीची जागा ठाऊक आहे, चहाची ठाऊक नाही, आता उठलं पाहिजे. पहिलं वर्षभर मी त्या शटरच्या आवाजावर उठले, रुएल. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. तेव्हा कुणी कुणासाठी काय केलं, याचा हिशेब मला सांगू नकोस."

 रुएलनं त्यांचा उजवा हात हातात घेतला, खाली वाकला आणि हाताची पाठ स्वतःच्या कपाळाला लावली.

ग्वेनबाई गोंधळल्या. "हे काय करतोयस?"

"आमच्यात घरातल्या मोठ्यांना असं करतात," क्लारिस म्हणाली. "आजीला करतो आम्ही."

मग मरिफे आली, ॲप्रनला हात पुसून, आणि तिनं तो हात कपाळाला लावला. मग क्लारिसनं. माईमाई कोंबडीची तंगडी टाकून धावत आली आणि तिनं बाईंच्या हाताला तेलाचा डाग लावून ठेवला. कॉलिनला वाटलं आता आपलाही नंबर लागतो की काय, तो दोन पावलं मागे सरकला.

 ग्वेनबाई हात तसाच पुढे धरून उभ्या होत्या, अजून कुणी राहिलंय का बघत.